उठली तिचा डाव कुणाचा?

मे महिन्याची दुपार. जळगाव काय नि धुळं काय, या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, कूलरची घरघर आणि मामाच्या घरी सुट्टीला जमलेली पोरं. अशा दुपारीवर खान्देशातल्या घरांनी पूर्वापार एक उतारा शोधलेला आहे. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, बरणीतून चिंचोके काढायचे आणि डाव मांडायचा.

हल्ली याच घरांत कधीमधी वेगळाही डाव दिसतो. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली भाची नाहीतर पुतण्या येताना एक जाडजूड पुस्तक आणि रंगीत फाशांची पिशवी घेऊन येतो. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा फासा, अगदी वीस बाजूंचासुद्धा! टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. खेळ तासन् तास चालतो. आणि मध्येच भांडण पेटतं.

‘‘तू मागच्या वेळी आली नव्हतीस. आम्ही सगळे तिसऱ्या लेव्हलला गेलो. तू दुसरीवरच राहणार!’’

‘‘का म्हणून? माझी परीक्षा होती.’’

‘‘नियम म्हणजे नियम.’’

स्वयंपाकघरात रस काढत बसलेल्या कुठल्याही बाईला हे भांडण ओळखीचं वाटेल. खेळ नवा असेल, भांडण जुनंच आहे. पुढे कुणी सरकायचं? कशाच्या बळावर? आणि ज्याला मध्येच उठावं लागतं त्याचं काय? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात लिहिली असली तरी तशीच्या तशी कुणी पाळत नाही. ती घरोघरी नव्याने ठरतात. ‘आमच्या घरचा नियम’ या तीन शब्दांत ती मावतात. आज थोडं त्या नियमांबद्दल.

खेळ गोष्टीचा, हिशेब पायऱ्यांचा

ज्या मैत्रिणींनी हा नवा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मुलं त्याला ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण म्हणू या भूमिकेचा खेळ. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात पटाईत असलेला चोर. पात्राचं बळ किती, बुद्धी किती, चपळाई किती, ते एका कागदावर लिहायचं. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगत जातो. ‘‘समोर पडका वाडा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?’’ बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करेल ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. कीर्तनासारखंच म्हणा ना, फक्त इथे समोर बसलेले श्रोते बुवांची गोष्ट हवी तशी वळवू शकतात.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून बाजारात आणला आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. २०१६ साली सुरू झालेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांच्या घरात पाहिली गेली, त्यांनी त्यातल्या पोरांना तळघरात हाच खेळ खेळताना पाहिलं असेल.

आपल्या सोंगट्यांपेक्षा यात वेगळं काय? आपला डाव संपला की सोंगटी पुन्हा बांगडीचा तुकडा होते. इथे संध्याकाळ संपली तरी पात्र संपत नाही. पुढच्या रविवारी ते तसंच परत येतं, मागच्या वेळची कमाई सोबत घेऊन. त्या कमाईला गुण असतात. ठरावीक गुण साठले की पात्र एक पायरी वर चढतं. बळ वाढतं, नवी विद्या येते, जखमा सोसायची ताकद येते. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं एकाच पात्राची ही चढण चालू राहते.

साहजिकच, गुण कशाचे द्यायचे हा या खेळातला कळीचा प्रश्न. सुरुवातीच्या नियमांत ते मुख्यतः दोन गोष्टींचे मिळत : राक्षस मारला की आणि खजिना हाती लागला की. १९७४च्या नियमांत योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर जायला २००० गुण लागत, जादूगाराला २५००. २०१४च्या आवृत्तीत हा भेद नाही. सगळ्यांना ३०० गुणांना दुसरी पायरी, ९०० गुणांना तिसरी, आणि विसावी म्हणजे अखेरची पायरी ३ लाख ५५ हजार गुणांना! शिवाय सूत्रधारासाठीच्या पुस्तकात दुसरी वाटही दिलेली आहे. गुण मोजूच नका. गोष्टीतला एखादा मोठा टप्पा पार पडला की सगळ्यांना मिळून एक पायरी वर घ्या.

म्हणजे पहा, एकाच खेळात तीन तऱ्हा झाल्या. मारलं त्याचे गुण, मिळवलं त्याचे गुण, नाहीतर बरोबर चाललो त्याचे गुण. कुठल्या टेबलावर कुठली तऱ्हा चालेल, ते बसणाऱ्यांनी ठरवायचं. आणि जी तऱ्हा ठरेल, तसे खेळणारे बनतात. मारण्याचे गुण असले की पोरं दिसेल त्याच्या अंगावर तलवार घेऊन धावतात. खजिन्याचे असले की चोरवाटा शोधतात, राक्षसाला चुकवून जातात. टप्प्याचे असले की एकमेकांना विचारून चालतात. स्वभाव बदलायला उपदेश लागत नाही, गुण कशाला मिळतात तेवढं बदललं तरी पुरतं.

आपल्या मोक्षपटाची आठवण येते ती इथे. आज आपण सापशिडी म्हणतो तो खेळ विलायतेत १८९२ साली गेला आणि तिथल्या पद्धतीने छापला गेला. त्याआधी आपल्याकडे ज्ञानचौपड, मोक्षपट अशा नावांनी तो होता. मराठी परंपरा तो थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यातल्या घरांना नुसते आकडे नव्हते, नावं होती. दया, श्रद्धा, दान अशा घरांतून शिडी वर जायची. क्रोध, लोभ, मत्सर अशा घरांत साप वाट पाहत असायचा. शिकवण उत्तमच. पण गंमत अशी की दयेच्या घरात सोंगटी पोचायची ती कवडीच्या दानाने. खेळणाऱ्याने दया केली की नाही, याचा हिशेब पटावर नव्हता.

‘तोड नही, ते मझार नही’

आता आपल्या घरच्या पटाकडे वळू. याला कुणी चंगाष्टा म्हणतं, कुणी अष्टा-चंगा. दुसऱ्या मुलखात तोच चल्लस-आठ. गुजरातेत ईष्टो, कर्नाटकात चौकाबारा, आंध्रात अष्टा-चम्मा. म्हणजे सुरतेकडे गेलेली खान्देशातली लेक शेजारणीच्या ओट्यावर बसली, तर भाषा अडेल, डाव अडणार नाही!

पाच बाय पाच, पंचवीस घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या, पाचवी फुली मधोमध. बाहेरच्या फुलीवर आपली सोंगटी बसली की तिला कुणी मारू शकत नाही. चार जणी चार बाजूंना बसतात. प्रत्येकीच्या चार सोंगट्या. बांगडीचे तुकडे, तुरीचे दाणे, खडे, शेंगांची टरफलं, काहीही चालतं. टाकायला चार कवड्या, नाहीतर दगडावर घासून दोन फाका केलेले चिंचोके, एक बाजू पांढरी, एक काळी. जितक्या पांढऱ्या वर, तितकं दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ. चार नि आठ पडलं की पुन्हा एक पाळी. बाहेरच्या सोळा घरांचा फेरा करायचा, मग आतल्या आठ घरांत उलटं फिरायचं आणि मग मधलं घर. तिथे पोचली की सोंगटी पिकली.

इथवर सगळीकडे सारखं. यापुढे घरचे नियम सुरू होतात.

पहिला नियम सुरुवातीचा. काही घरांत सगळ्या सोंगट्या आधीच पटावर बसलेल्या असतात. काही घरांत चार किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी बसतच नाही. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक जरा हिशेब करून पाहा. चार चिंचोके सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यात चार पडायचा प्रकार एक, आठ पडायचाही एकच. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तरी सोळांत दोन, म्हणजे आठात एक. एखादीची पहिली सोंगटी बसायला सरासरी आठ पाळ्या जातात. आणि आठ पाळ्या होऊनही तिघींतली साधारण एक बाहेरच बसलेली असते. नशीब वाईट म्हणून ती रडकुंडीला येते. पण नशिबापेक्षा इथे नियमाचा हात मोठा आहे. म्हणूनच पुष्कळ घरांत शहाणपणाने म्हणतात, ‘‘पहिली सोंगटी बसलेली, बाकीच्या दानाने.’’ एवढ्या एका सवलतीने दुपार वाचते.

दुसरा नियम तोडीचा. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. ‘‘तोड नही, ते मझार नही!’’ अहिराणीत हे असं ठसक्यात सांगितलं जातं. तोड नाही, तर आत प्रवेश नाही. काही घरांत तोड न झालेली सोंगटी दाराशी थांबून राहते, काही घरांत बाहेरच्या बाहेर आणखी एक फेरा मारते. आणि काही घरांत हा नियमच नाही. ज्याने त्याने आपलं आपलं घर गाठावं.

हा नियम दुष्ट वाटतो, पण त्यालाही कारण आहे. तोडीची सक्ती नसली तर जपून खेळणारी एक जण फुलीवरून फुलीवर उड्या मारत घर गाठते आणि बाकीच्यांना खेळल्यासारखंच वाटत नाही. तोड आली की समोरासमोर यावं लागतं. रंग चढतो. मात्र घरात सहा वर्षांचं पोर किंवा भिडस्त वहिनी खेळत असेल, तर हाच नियम त्यांना दाराशी खिळवून ठेवतो. पोराला मारायची युक्ती कळत नाही. वहिनीला कळते, पण सासूबाईंची सोंगटी मारायला तिचा हात धजत नाही!

हसू येतं खरं. पण ‘मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही’ हा नियम सगळ्यांना सारखा लावला, तरी सगळ्यांना तो सारखा पेलत नाही, एवढं या दाराशी उभ्या सोंगटीवरून कळतं. भूमिकेच्या खेळातही नेमकं हेच झालं. मारण्याचे गुण असले की तलवारवाल्या योद्ध्याचे गुण भराभर वाढतात आणि जखमींना बरं करणारं पात्र मागे राहतं. म्हणून किती तरी टेबलांवर घरचा नियम असतो की लढाईचे गुण सगळ्यांत सारखे वाटायचे. ज्याने वार केला त्यालाही आणि ज्याने जखम बांधली त्यालाही.

कच्चा लिंबू

मग जो कमी पडतो त्याचं करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे. कच्चा लिंबू! धाकट्याला खेळात घ्यायचं, पण त्याला आउट करायचं नाही. त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. किती मायेचा नियम आहे हा! रडणाऱ्या पोराला मैदानाबाहेर न ठेवता आत घेणारा.

पण त्याची दुसरी बाजू मुलं फार लवकर ओळखतात. कच्च्या लिंबाला कुणी मारत नाही, कारण त्याचं जिंकणं कुणी मोजतही नाही. तो खेळतो, पण पुढे जात नाही. सात-आठ वर्षांचं झालं की तेच पोर ठणकावून सांगतं, ‘‘मी कच्चा लिंबू नाही, मला पण आउट करा!’’ आउट होण्याचा हक्क मागणं म्हणजे काय, हे ज्या बायकांना घरातल्या किंवा ऑफिसातल्या चर्चेत कौतुकाने बसवून घेतात आणि निर्णयाच्या वेळी विसरतात, त्यांना समजावून सांगायला नको.

भूमिकेच्या खेळात नवखा खेळाडू मध्येच आला, तर दोन तऱ्हा दिसतात. एक, त्याला पहिल्या पायरीवर बसवायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं. हा झाला कच्चा लिंबू. दोन, त्याचं पात्र सगळ्यांच्या बरोबरीच्या पायरीवर सुरू करायचं, आणि पुढे त्याच्या चुकांची किंमत त्यालाच मोजू द्यायची. दुसऱ्या तऱ्हेत सवलत आहे, पण ती दारापुरती. आत गेल्यावर सगळे सारखे.

उठली तिचा डाव

आणि आता तो मघाचा प्रश्न. मध्येच उठावं लागतं तिचं काय?

आखाजी हा खान्देशातल्या लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, पुरणपोळी नि आंब्याच्या रसाची जेवणं होतात. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांतही ही आखाजी येते. याच दिवसांत गावोगाव पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. पारावर, ओसरीवर माणसं बसली की बसली. चहा जागेवर येतो, पाणी जागेवर येतं. मध्येच उठावं लागलं म्हणून कुणाचा डाव गेला, असं सहसा ऐकू येत नाही. उठावंच लागत नाही ना!

आत माजघरात बायकांचा पट मांडलेला असतो. तिथे मात्र कुणी ना कुणी सारखी उठत असते. दूध उतू जाईल, पाळण्यातलं उठलं, बाहेर चहा मागितलाय. आणि खेळातला सगळ्यात कडक नियम लागू होतो : ‘‘उठनी, तिना डाव गया!’’ उठली तिची पाळी बुडाली. दोन-तीन पाळ्या बुडाल्या की तिची सोंगटी सगळ्यांच्या मागे. मग तीच म्हणते, ‘‘जाऊ द्या, खेळा तुम्ही. मला नाहीतरी कुठे येतंय.’’ येत असतं तिला चांगलं. पाळ्या बुडालेल्या असतात.

पण याच माजघरांत दुसरा नियमही असतो, आणि तो कुणी शिकवलेला नसतो. उठणारीला शेजारची सांगते, ‘‘थांब वं माय, मी टाकस तुना डाव.’’ तुझं दान मी टाकते. कुठे उठलेलीची लेक तिच्या जागी बसते. कुठे सगळ्याच जणी चिंचोके खाली ठेवतात आणि ती येईपर्यंत गप्पा मारतात. कुठे ठरलेलं असतं की परत आल्यावर बुडालेल्या पाळ्या तिने एका दमात टाकून घ्यायच्या. चार घरच्या चार तऱ्हा, पण मुद्दा एकच. ती उठली ती सगळ्यांच्या कामासाठी उठली, तेव्हा तिचं नुकसान तिच्या एकटीच्या माथी नको.

भूमिकेच्या खेळातली मंडळी याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. ज्या टेबलावर हजर असेल त्यालाच गुण, तिथे काय होतं? परीक्षा, नोकरीची पाळी, घरचं आजारपण यामुळे ज्याचे दोन रविवार चुकतात, त्याचं पात्र मागे पडतं. मागे पडलं की लढाईत त्याचा उपयोग होत नाही. उपयोग होत नाही म्हणून त्याला कंटाळा येतो, आणि तिसऱ्या रविवारी तो येतच नाही. खेळ एक माणूस गमावतो. म्हणून काही टेबलांवर गैरहजर राहणाऱ्याला निम्मे गुण देतात. काही ठिकाणी सरळ नियम असतो : सगळी पात्रं नेहमी एकाच पायरीवर. आलास तर तुझी गोष्ट घडेल, नाही आलास तर ती गोष्ट हुकेल, पण पायरी हुकणार नाही.

‘‘मग रोज येणाऱ्यावर हा अन्याय नाही का?’’ असं मुलं तावातावाने विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. नुसतं नाव लावून फिरकायचंच नाही, अशालाही बरोबरीची पायरी मिळाली तर येणाऱ्यांचा हिरमोड होणारच. म्हणून चांगला नियम ‘आला नाही’ आणि ‘येता आलं नाही’ यांत फरक करतो. तो फरक आकड्यांत बसत नाही, एकमेकांना ओळखणारी माणसंच तो करू शकतात. घरच्या नियमाची खरी ताकद तिथे आहे.

आणि हे काही खेळापुरतं नाही, हे वेगळं सांगायला हवं का? २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. मध्येच उठावं लागणारीचा डाव जाऊ नये, म्हणून बदललेला तो एक नियमच. पण रजा मिळाली तरी परत आल्यावर सोंगटी कुठल्या घरात ठेवलेली असते, ते पुष्कळदा त्या त्या कचेरीच्या ‘घरच्या नियमावर’ ठरतं. हजेरीच्या वहीत नाव होतं, पण बढतीच्या यादीत नव्हतं, अशी तक्रार आपण मैत्रिणींकडून ऐकतोच.

पन्नासावर कुंपण

नियम पुस्तकात छापलेला असला म्हणजे तो विचार करून केलेला असतो, असंही नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चंच उदाहरण घ्या. ‘अॅडव्हान्स्ड’ या नावाने १९७८ साली आलेल्या खेळाडूंच्या पुस्तकात बळाचा एक तक्ता होता. योद्ध्याच्या बळाचा आकडा १८ आला, तर त्याने आणखी एकदा शंभरापर्यंतचा फासा टाकायचा आणि त्यावरून तो किती बलदंड ते ठरवायचं. पुरुषाला शंभरापर्यंत मुभा. बाईच्या पात्राला मात्र पन्नासाला कुंपण! ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात आणि मेलेली माणसं मंत्राने उठून बसतात, त्या जगात बाई पन्नासाच्या पुढे बळकट होणं तेवढं अशक्य.

मुली हा खेळ खेळत होत्याच, त्यांनी हे पाहिलं. खेळ काढणाऱ्या कंपनीत १९७९ साली जीन वेल्स ही तरुणी खेळ रचणाऱ्या विभागात रुजू झाली. तिने आणि किम मोहन या संपादकाने मिळून जुलै १९८०च्या ‘ड्रॅगन’ मासिकात खेळणाऱ्या बायकांच्या तक्रारी मांडणारा लेख लिहिला. नियम छापील पुस्तकातून जायला तरीही १९८९ची दुसरी आवृत्ती यावी लागली. घरच्या नियमांना अशी वाट पाहावी लागत नाही. टेबलावर कुणी एवढंच म्हणायचं असतं, ‘‘आपल्याकडे हे कुंपण नाही.’’

अशीच दुसरी एक अट होती. १९७४च्या नियमांत माणसाच्या पात्राला वर चढायला मर्यादा नव्हती, पण बुटक्या हॉबिट जमातीतला योद्धा चौथ्या पायरीच्या पुढे जाऊ शकत नसे. कितीही पराक्रम करो. जन्म कुठल्या जमातीत झाला त्यावरून पायरी ठरणार! तशी मर्यादा खेळातून कायमची गेली ती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. जन्मावरून पायऱ्या ठरवण्याचा पूर्वापार अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना त्यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आणि नियमाचा प्रश्न विचारणारी बाई म्हटलं की द्रौपदी आठवल्याशिवाय कशी राहील? भर सभेत तिने मागितलं होतं ते नियमाचं उत्तर. धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? आधी स्वतःलाच हरले असतील, तर मला पणाला लावायचा त्यांना हक्क कुठला? भीष्मांसारख्यांनाही सरळ उत्तर देता आलं नाही. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी एकट्या विकर्णाने तिची बाजू घेतली. प्रश्न बिनतोड होता, पण तो विचारायची वेळ तिच्यावर आली ती फासे पडून गेल्यावर. डाव मांडताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पट मांडण्याआधी

म्हणून मैत्रिणींनो, मुलं सुट्टीत चिंचोके घेऊन बसोत की वीस बाजूंचे फासे घेऊन, पहिली पाच मिनिटं नियम ठरवण्यात घालवायला सांगा. मध्येच बदलला तर तो रडीचा डाव, आधी ठरवला तर तो घरचा नियम. काय काय ठरवावं?

• सुरुवात : पटावर यायला दान लागेल की पहिली सोंगटी बसलेली? लहान मुलं असतील तर बसलेली बरी.

• पुढे जाणं : तोड सक्तीची की नाही? मधला मार्गही आहे. ठरावीक फेरे झाले की तोडीशिवाय आत जाऊ द्यायचं. भूमिकेच्या खेळात गुण कशाचे, ते सूत्रधाराने आधीच सांगावं. शक्यतो सगळ्यांना सारखे.

• कच्चा लिंबू : कितव्या वर्षापर्यंत? आणि त्याला स्वतःला ते मान्य आहे का, हे त्यालाच विचारावं.

• उठणं : मध्येच उठणाऱ्याचं दान कुणी टाकायचं? की सगळ्यांनी थांबायचं? की परत आल्यावर बुडालेल्या पाळ्या द्यायच्या?

• बदल : एखादा नियम जाचक वाटला तर तो डाव संपल्यावर बदलायचा. आणि सगळ्यात मागे राहिलेल्याचं मत आधी ऐकायचं. जिंकलेल्याला नियम नेहमी चांगलाच वाटतो!

शेवटच्या मुद्द्यावर जरा आग्रह धरा. ज्याची सोंगटी दाराशी अडली होती, त्यालाच दार कुठे अडतं ते ठाऊक असतं. मुलांना ही सवय पटाभोवती लागली, तर पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसात, स्वतःच्या संसारात ती उपयोगी पडेल. नियम आभाळातून पडत नाहीत, बसलेल्या माणसांनी केलेले असतात आणि बसलेल्या माणसांना ते बदलता येतात, हे दहा वर्षांच्या मुलीला भाषणातून पटणार नाही. चिंचोक्यांतून पटेल.

यंदाच्या आखाजीला लेकी-सुना एकत्र बसल्या आणि पट मांडला गेला, तर दान टाकण्याआधी कुणीतरी एवढंच विचारा, ‘‘मध्येच कुणाकुणाला उठावं लागणार आहे गं?’’ आणि जमलं तर हा प्रश्न ओसरीवर पत्ते पिसणाऱ्यांनाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने विचारा. एखादा उठून चहा टाकेलसुद्धा.